अप्पांनी एंटर दाबलं

लातूरच्या ट्यूशन एरियात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बुद्धप्रियाची खोली होती. खालच्या दोन मजल्यांवर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांचे क्लास चालत, त्यामुळे दिवसभर तिच्या कानावर बेडकाची पचनसंस्था पडत राही. दारावर 'बोधी वेब सर्व्हिसेस' अशी पाटी होती. मालकीण तीच, कामगार तीच, आणि सकाळी झाडूही तीच मारायची. जळकोटला तिच्या वडिलांना कुणी विचारलं तर ते सांगत, "पोरगी लातुरात दुकानं बांधते." ऐकणाऱ्याला वाटे, विटा-सिमेंटची. वडील खुलासा करायच्या भानगडीत पडत नसत.

तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं. पूर्वी एखाद्याचं दुकान नेटवर उभं करायचं म्हणजे पहिले काही दिवस नुसत्या फायली जुळवण्यात जायचे. मग नांदेडच्या आदर्शनं तिला एक टूल दाखवलं. आदर्श तिचा कॉलेजातला मित्र, आणि मोठं काम आलं की भागीदार. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की ते टूल जागं होऊन एकेक प्रश्न विचारतं: दुकानाचं नाव काय, भाषा कोणती, नमुन्याचा माल मांडून देऊ का. उत्तरं मिळाली की नेटवरून लागेल ते सामान ओढून आणतं आणि चहा निवायच्या आत अख्खं दुकान उभं करून देतं. भिंती, फळ्या, गल्ला, सगळं. आपला माल तेवढा आपण मांडायचा.

"डोकं लावायचं न्हाई," आदर्शनं सांगितलं होतं. "समजलं न्हाई तर एंटर मारायचं. त्याला जे बरं वाटतं ते करतंय ते."

बुद्धप्रिया मात्र प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर द्यायची. तिचा स्वभावच तसा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तर आणखीच सावध.

ह्या वेळचं गिऱ्हाईक होतं निलंग्याचे वीरभद्रअप्पा. बाजारपेठेत त्यांचं दोरखंड, ताडपत्री, फावडी, विळे, फवारणीचे पंप असलं सामान विकायचं जुनं दुकान. दुकानापेक्षा अप्पांची एक गोष्ट तालुक्यात जास्त माहीत होती. 'माल नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. जे नसेल त्याला "उद्या येतो" म्हणायचं, आणि खरोखर कुठून तरी आणून द्यायचं. एकदा कुणी थट्टेनं विमानाचं टायर मागितलं, तर अप्पांनी चष्मा पुसत विचारलं होतं, "किती नंबरचं?"

समोरच्या महांतेशनं आपल्या दुकानावर पळत्या अक्षरांचा लाइटचा बोर्ड लावला तेव्हापासून अप्पांना चैन नव्हती. "त्यानं बोर्ड लावला, आपण इंटरनेट लावू," असं म्हणून ते एक दिवस बुद्धप्रियाचा जिना चढून आले होते.

कामाला सुरुवात करायच्या दिवशी ते आपल्या बायकोला, सिंधुकाकूंना, घेऊन आले. पिशवीत नारळ, हळदी-कुंकू, पेढे आणि गुलाबाचा हार.

"सुरू करायचं म्हणल्यावर रीतसर करू, मॅडम," अप्पा म्हणाले आणि नारळ फोडायला जागा शोधू लागले. त्यांची नजर फिरत फिरत टेबलाच्या कोपऱ्यावर थांबली.

बुद्धप्रियाच्या घरी नारळ फोडायची रीत नव्हती, पण गिऱ्हाइकाच्या रीतीला ती आडवी जात नसे. "अप्पा, खाली जिन्यात फोडा," ती म्हणाली. "ह्याच्यात थेंबभर पाणी गेलं तरी हे मरतंय."

नारळ जिन्यात फुटला. बेडकाची पचनसंस्था क्षणभर थांबली, मग पुढं सुरू झाली. तिघं लॅपटॉपसमोर बसले. बुद्धप्रियानं ओळ लिहिली, टूल जागं झालं आणि त्यानं नाव विचारलं.

"वीरभद्र ट्रेडर्स," अप्पांनी सांगितलं. "इंग्रजीत टाका. व्ही मोठा."

"मोठी अक्षरं चालत न्हाईत त्याला."

"का बरं?"

"नियम हाय त्याचा. अन् दोन शब्दांच्या मधी जागा पण सोडायची न्हाई."

अप्पांनी काळ्या पडद्याकडं रोखून बघितलं. "आमच्या आज्यापासून नावात जागा हाय," ते म्हणाले. "ह्यो कोण लागून गेला?"

"मधी आडवी काडी टाकली तर चालते, अप्पा."

"ऐकून घ्या की," सिंधुकाकू म्हणाल्या. "तहसीलमधी नावातला वीर खाल्ला व्हता, तवा काही बोललात का?"

काडी टाकण्यावर तडजोड झाली. बुद्धप्रिया एंटर दाबणार, तेवढ्यात अप्पांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"हे मी दाबतो. उद्घाटन हाय."

तिला वाटलं, एक एंटर, त्यात काय. "हे बटन. एकदाच दाबायचं."

अप्पा ताठ बसले. टोपी सारखी केली, बोट एंटरवर ठेवलं, मान वळवून काकूंकडं बघितलं आणि फोटोत येतं तसं हसू चेहऱ्यावर आणलं. मग बोट दाबलं. काकूंनी मोबाइल वर धरला.

"थांबा. हलू नका," काकू म्हणाल्या. "मेमरी फुल झाली म्हणून सांगून राहिलाय ह्यो."

काकू सकाळी-सकाळी येणारे सुप्रभाताचे फोटो एकेक करून पुसू लागल्या. अप्पा हलले नाहीत. त्यांचं बोट एंटरवर नुसतं ठेवलेलं नव्हतं, दाबून धरलेलं होतं. आणि पडद्यावर टूल, कुणी इतक्या उत्साहानं उत्तरं देणारा भेटल्यासारखं, एकामागून एक प्रश्न टाकत सुटलं. इंग्रजीत ठेवू का? एंटर. नमुन्याचा माल मांडू का? एंटर. नमुन्याची गिऱ्हाइकं पण ठेवू का? एंटर.

"अप्पा, बोट काढा."

"फोटू," अप्पा दात न उघडता म्हणाले.

"अहो, ते सगळ्याला हो म्हणून राहिलंय."

"म्हणू द्या. शुभ काम हाय."

काकूंना जागा मिळाली, फोटो निघाला, अप्पांनी बोट उचललं. तोवर प्रश्न संपून सामान ओढायचं काम सुरू झालं होतं. बुद्धप्रियानं मनाशी म्हटलं, जाऊ दे, संध्याकाळी हे पुसून टाकू आणि नीट उत्तरं देऊन नवं उभं करू. एवढ्यात काकू हळदी-कुंकवाची डबी घेऊन लॅपटॉपकडं वळल्या. कीबोर्डच्या फटीत कुंकू जाऊ नये म्हणून ती धावली, आणि झाकणाच्या मागच्या बाजूला बोटं लावायचं ठरेपर्यंत बरीच बोलाचाली झाली.

त्या बोलाचालीत एक प्रश्न तिच्या नजरेतून निसटला. सामान ओढून झाल्यावर टूल शेवटचं विचारतं: हे आत्ताच सगळ्या जगाला दिसेल असं नेटवर चढवू का? अप्पांनी दाबलेल्या एंटरांपैकी बरीच अजून रांगेत उभी होती. त्यातलं एक पुढं सरकलं.

"झालं वाटतं, हिरवं आलं," काकू म्हणाल्या आणि पडद्याकडं बोट दाखवणाऱ्या अप्पांचा अजून एक फोटो काढला. त्या फोटोत अप्पांच्या बोटाच्या बरोबर खाली, हिरव्या अक्षरांत, दुकानाचा नवा पत्ता होता.

संध्याकाळी बुद्धप्रियानं ठरल्याप्रमाणे लॅपटॉपवरचा तो सगळा फोल्डर पुसला, टूल पुन्हा चालवलं, प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर दिलं आणि समाधानानं लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती नांदेडच्या बसमध्ये होती. आदर्शबरोबर एका शाळेचं काम घ्यायचं होतं, त्याची बोलणी करायला निघाली होती. अहमदपूर सोडलं आणि अप्पांचा फोन आला.

"मॅडम, एक विचारायचं व्हतं. आपल्याकडं निवडुंग हाय का?"

"कुठं, अप्पा?"

"आपल्या दुकानात. नेटवरच्या."

बसचा पत्रा लई वाजत होता, म्हणून तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अप्पांनी पुन्हा सांगितलं. उद्घाटनाचा फोटो त्यांनी निलंग्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. कुणीतरी डोळे ताणून त्यातला हिरवा पत्ता टाइप केला, आणि सकाळपासून अर्धी बाजारपेठ अप्पांचं नवं दुकान बघून राहिली होती.

बुद्धप्रियानं फोन चालूच ठेवून मोबाइलवर पत्ता उघडला. वर ठळक इंग्रजी अक्षरांत वीरभद्र ट्रेडर्स, मध्ये आडवी काडी. खाली टूलनं आपल्या मनानं मांडलेला माल: पांढऱ्या कुंडीत एक निवडुंग, एक तीन पायांचं स्टूल आणि मांजराचं चित्र असलेला कप. त्याच्याही खाली एका हसऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. नाव जेन, राहणार ओहायो. तिचं म्हणणं होतं की ह्या दुकानानं माझं आयुष्य बदलून टाकलं.

"अप्पा, हे सगळं नमुन्याचं हाय," ती म्हणाली. शेजारच्या सीटवरची म्हातारी आता उघडपणे ऐकत होती. "बाहुल्यांच्या खेळातला माल असतो ना, तसलं. लोकांना सांगून टाका, चुकून झालंय."

पलीकडं अप्पांनी घसा खाकरला.

"तसं आता कसं सांगायचं," अप्पा म्हणाले. "महांतेशनं सहा निवडुंग मागवलेत. मोबाइलवर दाबलं त्यानं, तर तुमचा माल निघाला म्हणून आलं. मग दुकानात आला, चार माणसांसमोर विचारू लागला, अप्पा, निघालेला माल कुठवर आला?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"उद्या येतो म्हणलं."

बुद्धप्रियानं डोळे मिटले.

"अजून एक," अप्पांनी आवाज उतरवला. "ही जेन कोण? काकू विचारून राहिलीय."

फोन ठेवल्यावर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कशाचा धंदा हाय गं बाय?" बुद्धप्रियानं मोबाइल पर्समध्ये टाकला. "निवडुंगाचा," ती म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं की लोहा येईपर्यंत दोघींत काही बोलणं झालं नाही.

त्यातून अडचण अशी, की ते दुकान खाली उतरवणं तिच्या हातात नव्हतं. नेटवरची जागा आदर्शच्या नावावर होती. चढवायची परवानगी त्यानं तिला दिली होती, उतरवायची स्वतःकडं ठेवली होती. आणि आदर्शचा फोन लागत नव्हता.

तरोडा नाक्याजवळच्या घरात आदर्श बनियनवर बसून पोहे खात होता. फोन चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. त्यानं सगळं ऐकलं, दुकान उघडून बघितलं आणि इतका हसला की पोह्यातला शेंगदाणा त्याच्या घशात अडकला. बुद्धप्रियानं त्याच्या पाठीत जरा जोरातच थाप मारली.

"आधी ते उतरव," ती म्हणाली.

त्यानं उतरवलं. पत्ता उघडला की आता कोरं पान येत होतं. ती पहिल्यांदा नीट टेकून बसली, पोह्यांची प्लेट हातात घेतली, आणि फोन वाजला.

"मॅडम, दुकान कुणी बंद केलं?" अप्पांचा आवाज एकदम थंड होता. "महांतेश सगळ्यांना दाखवत फिरून राहिलाय. अप्पा पळाला म्हणतो."

"अप्पा, तो माल खोटा हाय म्हणून—"

"खोटा कसा? मी जिम्मा घेतलाय. काकूचा भाऊ किल्लारीला हाय, त्याच्या बांधावर निवडुंग मायंदाळ. जीपमधी घालून निघालाय तो. खरंच निघाला माल. आता तुम्ही दुकान उघडा. जसं व्हतं तसं."

बुद्धप्रियानं लॅपटॉप काढला. तो जुना फोल्डर तर तिनं काल स्वतःच्या हातानं पुसला होता. म्हणजे पुन्हा टूल चालवणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एकही प्रश्न न वाचता, अप्पांच्या पद्धतीनं, एंटरवर बोट दाबून धरलं. दुकान उभं राहिलं. तिनं उघडून बघितलं.

निवडुंग नव्हता. त्याच्या जागी समुद्राच्या लाटांवर उभं राहायची एक लांबलचक रंगीत फळी होती. स्टूलच्या जागी बर्फात घालायचे हातमोजे. जेनच्या जागी दाढीवाला एक पीटर.

"नवीन आवृत्ती आलेली दिसते," आदर्श खांद्यावरून वाकून म्हणाला. "नमुने बदललेत त्यांनी."

"एका रात्रीत?"

"त्यांचं असंच असतं. कुणाला विचारून करत न्हाईत."

फोन चालूच होता आणि अप्पा पलीकडून बघत होते, कारण बोट दाबून धरल्यामुळं हे दुकानही थेट नेटवर चढलं होतं.

"मॅडम, ही फळी कसली?"

"ती आपली न्हाई, अप्पा. तिच्याबद्दल कुणाला काही कबूल करू नका." ती जवळजवळ ओरडलीच. "कुणी विचारलं तरी उद्या येते म्हणू नका."

"बरं," अप्पा नाइलाजानं म्हणाले. त्यांच्या स्वरावरून वाटत होतं की एका माणसाला ते म्हणून झालं असावं.

मग आदर्शनं युक्ती सांगितली. टूलचं नाव लिहिताना शेवटी मागच्या आवृत्तीचा नंबर जोडायचा, म्हणजे जुनंच टूल येतं. नंबर मात्र आठवावा लागतो. दोघांनी मिळून बरेच नंबर जोडून बघितले. एकात सायकल आली, एकात रिकामं कपाट आलं, एक तर अर्ध्यात लाल अक्षरांत ओरडून बंद पडलं. नांदेडची शाळा, तिची बोलणी, सगळं बाजूला राहिलं. शेवटी पांढऱ्या कुंडीतला निवडुंग पडद्यावर आला तेव्हा बुद्धप्रियाला घरचं माणूस स्टँडवर दिसल्यासारखं झालं.

"आला," तिनं फोनवर सांगितलं. "जेनला काढू का?"

"राहू द्या की. लोकं विचारतात, अमेरिकेत गिऱ्हाईक कसं मिळालं म्हणून," अप्पा म्हणाले. मग मागून काकूंचं काहीतरी ऐकू आलं. "काढा तिला," अप्पा म्हणाले.

नांदेडचं काम उरकून, खऱ्या मालाचे फोटो काढायला बुद्धप्रिया निलंग्याला गेली. बाजारपेठेत अप्पांचं दुकान तिला विचारावं लागलं नाही. ताडपत्रीच्या गठ्ठ्यांपुढं, पायरीवर, निवडुंगांची ओळ लागली होती. काही मातीच्या कुंड्यांत, काही तेलाच्या कापलेल्या डब्यांत. डब्यांना काकूंनी पांढरा रंग दिला होता, पडद्यावरच्या कुंडीसारखा दिसावा म्हणून. किल्लारीच्या बांधावरचे ते आडदांड निवडुंग डब्यात मावता मावत नव्हते. फोटोतल्या बोटभर निवडुंगाशी त्यांचं नातं लावायचं म्हणजे फार लांबून लावावं लागलं असतं.

ती फोटो काढत असतानाच महांतेश रस्ता ओलांडून आला. हातात मोबाइल, मागं दोन-तीन रिकामटेकडी माणसं.

"अप्पा, माझा माल?"

"आलाय," अप्पा म्हणाले. "सहा. मोजून घ्या."

महांतेशनं ओळीकडं बघितलं. तो इथवर फक्त विचारायला आला होता, न्यायला नाही. "एवढाले?" तो म्हणाला. "फोटूत तर लहान व्हता."

"रस्त्यात वाढला असंल," काकू आतून म्हणाल्या.

मागची माणसं हसली. आता माघार घेणं महांतेशला अवघड झालं. त्यानं पहिला डबा उचलला, 'आई गं' म्हणून खाली ठेवला, बोट तोंडात घातलं, आणि दुसऱ्या बाजूनं धरून बघितला. तिकडूनही काटेच होते. मागच्या माणसांपैकी कुणी पुढं झालं नाही. शेवटी अप्पांनीच गादीवरून उठून गोणपाटाचे दोन तुकडे दिले, आणि एकेक करून दोघांनी मिळून सहाही डबे पलीकडं पोचवले. येता-जाता ते काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. चौथ्या डब्याला मात्र दोघं रस्त्याच्या मधोमध थांबून हसत होते आणि मागं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा होता, एवढं तिनं बघितलं.

महांतेशनं ते डबे पळत्या अक्षरांच्या बोर्डाखाली ओळीनं मांडले. तिकडं कुणी भाव विचारला की तो हातानं रस्त्यापलीकडं दाखवायचा. आठवडाभरात पायरीवरची ओळ संपली आणि किल्लारीहून दुसरी जीप आली.

दुकानाची खरी साइट महिनाअखेर चालू झाली. दोर, ताडपत्री, फावडी, पंप, सगळं मराठीत. निवडुंग काढायला बुद्धप्रियानं बोट उचललंच होतं, पण काकूंनी तिला थांबवलं. त्या दुकानामागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथं जुन्या बादल्यांत, फुटक्या माठांत, पंपाच्या रिकाम्या टाक्यांत त्यांनी काय काय लावून ठेवलं होतं. अबोली, गवती चहा, ओवा, कोरफड. अप्पांना वर्षानुवर्षं ती अडगळ वाटत आलेली.

"हे मला टाकता येईल का त्याच्यावर?" काकूंनी विचारलं. "तुला सारखं कशाला बोलवायचं. दाखव एकदा."

बुद्धप्रियानं दाखवलं. फोटो कुठून घ्यायचा, नाव कुठं लिहायचं, चुकलं तर मागं कसं यायचं. काकूंनी पदर खोचला, चष्मा लावला आणि एका बोटानं अक्षरं शोधायला सुरुवात केली. को सापडला. र सापडला. फ सापडायला वेळ लागून राहिला.

अप्पा गल्ल्यावरून उठून मागं येऊन उभे राहिले. "तिथं हाय की फ, उजवीकडं," ते म्हणाले.

"गिऱ्हाईक आलंय बघा दुकानात," काकू मान वर न करता म्हणाल्या.

गिऱ्हाईक आलं नव्हतं. तरी अप्पा बाहेर गेले. काकूंना फ सापडला होता, आणि आता त्या ड शोधत होत्या.